शेवटी कोणाचं नाव टाकू, मामा?

नेर, गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. धम्मरत्न मामांना,
सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तिळाचं तेल लावायला सांगितलं होतं, ते तुम्ही लावत नसणार हे मला इथं बसून माहीत आहे. आर्णीला थंडी पडली का? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो, इकडे सगळे मजेत आहेत. बाबांची कंबर धरली आहे, यंदाही बोंड फोडलं की आत गुलाबी अळी बसलेली असते, कापसाचा भाव रोज सकाळी पेपरात आणखी थोडा खाली दिसतो आणि मला कित्येक दिवस धड झोप नाही. एवढं सोडलं तर मजेत.

हा पोरगा कॉम्प्युटरवाला असून कागदावर काहून लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तुमचा फोन. त्याच्यावर जरा मोठा मेसेज पाठवला की तो बंद पडतो आणि मग बॅटरी काढून, पुसून, परत घालावी लागते. दुसरं कारण माझा लॅपटॉप. तो कंपनीचा आहे, आणि मी त्याच्यावर काय टाईप करतो, किती वेळ माऊस हलवत नाही, हे सगळं पुण्यात कुठंतरी दिसतं. (कोणाला दिसतं ते मात्र कोणालाच माहीत नाही. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं तर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की त्यांचंही दिसतं.) इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की मनातलं काही लिहायचं असेल तर बॉलपेन बरा.

आता मुद्द्याचं सांगतो, नाहीतर पत्र संपेल आणि मुद्दा राहून जाईल. आमच्या गटात आम्ही चौघं. रुपाली, सलोनी, दिग्रसकडचा अमरसिंग आणि मी. मी त्यांचा लीड. लीड म्हणजे साहेब नव्हे मामा, बाबांना कितीही वाटलं तरी. जोडीतल्या एका बैलाच्या गळ्यात घंटा बांधतात, तेवढाच फरक. कंपनीनं मला सांगितलं आहे की या चौघांचे नंबर लावा, पहिला ते शेवटचा, आणि उद्या शुक्रवारी सकाळी पाठवा. शेवटच्याचं काय होणार ते लिहिलेलं नाही. फक्त ‘पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा’ असं पत्र आधीच तयार करून ठेवलं आहे, आणि त्यात नावाची जागा तेवढी रिकामी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांना सारखा नंबर दे. दिला. कॉम्प्युटर घेत नाही. खाली लाल अक्षरात येतं, कृपया एक नाव शेवटी ठेवा. ‘कृपया’ वाचून तर मला जास्तच घाम फुटतो.

हे असं का झालं, तेही सांगतो. आमचं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं. (आई याला सासूचं काम म्हणते.) मागच्या वर्षी कंपनीनं एआय आणला. आधी तो प्रोग्रॅम लिहायचा आणि आम्ही चुका काढायचो. मग तो चुकाही काढायला लागला आणि आम्ही त्यानं काढलेल्या चुका बरोबर आहेत का ते बघायचो. आता तो तेही बघतो, आणि आम्ही चौघं तो बघतोय का ते बघतो. एवढ्याला चार माणसं कशाला, असा प्रश्न वर कोणाला पडला असेल तर मी त्यांना दोष तरी काय देऊ? मलाही तो रोज पडतो, फक्त मी तो मोठ्यानं विचारत नाही. नेरमध्ये अजूनही लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, पोराला कॉम्प्युटरला टाकू का म्हणून. मी हसून पुढे जातो. शेतीत ठेवा असं सांगायची सोय नाही, कॉम्प्युटरला टाका असं सांगायची हिंमत नाही, आणि तिसरं काही आपल्या जिल्ह्यात आहे का, ते शोधतोय.

त्यात बाबा. चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांनी सांगून ठेवलंय की आमच्या संघदीपच्या हाताखाली चार माणसं आहेत. चारात मी स्वतः आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. सोसायटीचे अध्यक्ष पुंडलिकराव, जे पूर्वी बाबांना ‘ए गोविंदा’ म्हणायचे, ते आता ‘गोविंदराव, बसा’ म्हणतात. बाबा बसतात. कंबर धरलेली असली तरी बसतात.

तर, बाबांच्या कमरेमुळे पुढचं सगळं झालं. संध्याकाळी वेचणीवाल्या बायांच्या कापसाचं वजन बाबा करतात. बांधावरच्या बाभळीला काटा टांगायचा, एकेक बाई आपलं गाठोडं लावते, जेवढा कापूस तेवढी मजुरी. ते काम माझ्याकडे आलं. मी पडलो कॉम्प्युटरवाला. नुसतं वजन करून गप्प बसलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, आपण याचं ॲप करावं. केलं. (म्हणजे एआयला सांगितलं, त्यानं चहा निवायच्या आत करून दिलं. माझी नोकरी खाणाऱ्यालाच मी घरचं काम सांगितलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.) मी फक्त वजन टाकायचं, मग ॲप सगळ्या बायांची नावं जास्त वजनापासून कमीपर्यंत लावून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप पाठवणार. पहिल्या नावापुढे मुकुट, शेवटच्या नावापुढे कासव. मला वाटलं गंमत होईल, बायांना हुरूप येईल. आमच्या कंपनीतही असंच म्हणतात.

पहिल्याच दिवशी कासव साधनाकडे गेलं. साधना पोटुशी आहे, मामा. तिला वाकून वेचणं होत नाही, तरी येते. रात्रीपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात तिचं कासव पोचलं होतं. तिच्या नणंदेनं ते स्वतःच्या फोनला स्टेटस म्हणून लावलं. आईनं मला जेवताना विचारलं, की ते चित्र काढायला पगार मिळतो का. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काटा टांगला. विमलताईंनी (या बायांची मुकादम, तुम्ही त्यांना ओळखता, जिनिंगमध्ये तुमच्या युनियनच्या मोर्च्याला भाकऱ्या बांधून आल्या होत्या) पहिलं गाठोडं लावलं. वजन टाकलं. दुसरीचं तेवढंच. तिसरीचं तेवढंच. चौथ्या गाठोड्याला मला वाटलं काटा अडकला. मी त्याला थापट्या मारल्या. मग विटा लावून पाहिल्या, पाण्याची कॅन लावली, माझी लॅपटॉपची बॅग लावली, शेवटी काट्याला स्वतः लोंबकळलो. काटा बरोबर होता. (लॅपटॉपपेक्षा त्याचा चार्जर जड आहे, असा मला संशय होता, तो खोटा निघाला.) साधनाचं गाठोडं सगळ्यात शेवटी आलं. तेवढंच.

झालं असं होतं, की बायांनी दिवसभर वेचलेला सगळा कापूस बांधावर एकाच ढिगात ओतला होता आणि मग सारख्या वाटण्या करून गाठोडी बांधली होती. ॲपची मात्र पंचाईत झाली. सगळ्या पहिल्या आणि सगळ्याच शेवटच्या, म्हणून त्यानं प्रत्येकीच्या नावापुढे मुकुटही टाकला आणि कासवही, आणि ग्रुपवर पाठवून दिलं. बायांनी फोन काढून बघितले आणि जे हसायला लागल्या ते पलीकडच्या शेतातली माणसं काम टाकून बघायला आली. विमलताई म्हणाल्या, “आता सांग बापा, पह्यली कोन अन् सेवटची कोन?”

मी म्हटलं, मावशी, गंमत होती. त्यावर त्या बांधावर बसल्या. त्यांच्यामागे सगळ्या बसल्या. “ते कासव काहाड, मंग उठतो आमी.” आणि उठल्या नाहीत. बैलगाडी उभी, कापूस उघड्यावर, दव पडायला आलेलं, आणि मी फोन घेऊन बाभळीखाली. ॲप बंद केलं, ते झालं. पण पहिल्या दिवसाचा मेसेज तोवर घरोघरच्या फोनांवर पुढे गेला होता, तो आता कोणालाच काढता येत नव्हता. हे त्यांना समजावताना माझ्या लक्षात आलं की मी तेच बोलतोय जे आमचे मॅनेजर बोलतात. माझ्या हातात नाही, सिस्टीमच तशी आहे. शेवटी मी साधनासमोर गेलो आणि सगळ्यांदेखत चुकलो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “कासव तं चांगलं हाय दादा, पन माह्याच नावासमोर काहून ठेवलं?” मी फोन खिशात घातला. मग त्या उठल्या, कापूस गाडीत भरला आणि गेल्या.

तेव्हापासून मामा, डोळे मिटले की त्या बांधावर रांगेनं बसलेल्या दिसतात, आणि उघडले की लाल अक्षरं. रुपालीचं मूल वर्षाचंही नाही, मीटिंगमध्ये ती त्याला थोपटताना दिसते. सलोनीची ही पहिलीच नोकरी, तिचे वडील झरी जामणीला जंगलखात्यात रोजंदारीवर आहेत, तिच्यामागे दोन बहिणी शिकतात. अमरसिंगचं लग्न ठरतंय ते या नोकरीवर. मुलीकडच्यांनी कंपनीचं नाव गुगलवर शोधून मगच होकार दिला. तिघंही माझ्याइतकंच काम करतात, आणि सलोनी तर खरं सांगायचं तर जास्त. आमचा ढीग कुठं ओतायचा तेच कळत नाही. तिघं तीन गावांत आणि मी नेरला, गच्चीवरच्या टाकीपाशी. तिथंच काय ते नेटवर्क येतं.

तुम्ही आयुष्यभर मालकांशी भांडलात. तुमचा सल्ला पाहिजे. मी काय करू, ते दोन ओळींत लिहा. पत्र विमलताईंच्या जावयाबरोबर पाठवतोय, ते आज संध्याकाळच्या बसनं आर्णीला निघणार आहेत. मामींना जय भीम. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा भाचा,
संघदीप

ता.क. (गुरुवार, संध्याकाळ) जावयांची बस चुकली, उद्या दुपारी जाणार म्हणतात. म्हणजे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत यादी पाठवायची वेळ निघून गेलेली असेल. खरं सांगायचं तर बस चुकली नसती तरी तुमचं उत्तर वेळेत आलं नसतं. मला ते लिहितानाही माहीत होतं. सल्ला मागितला की जरा बरं वाटतं, म्हणून मागितला.

ता.क. २ (शुक्रवार, सकाळ) सल्ल्याची गरज उरली नाही. शेवटी माझंच नाव टाकलं आणि बटण दाबलं. फार शूर झालो असं समजू नका. दाबल्याबरोबर मी लगेच मागं घ्यायला गेलो. खोटं कशाला बोलू? सगळ्या कोपऱ्यांत बघितलं, मागं घ्यायचं बटणच नाही. मॅनेजरसाहेबांचा फोन आला, म्हणाले, लीडनं स्वतःला शेवटी टाकायचं नसतं, असं कोणी करत नाही. मी विचारलं, सिस्टीम घेते ना? ते म्हणाले, घेते. आणि त्यांनी फोन ठेवला. त्या तिघांना मी काही सांगितलेलं नाही, तुम्हीही कोणाला सांगू नका. तर या पत्राचं खरं काम असं, की रविवारी तुम्ही इकडे या आणि आईला ही गोष्ट तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा. तुमच्यासमोर ती ओरडत नाही.

ता.क. ३ (शुक्रवार, दुपार) आईला सांगायची गरज उरली नाही. मी स्पीकर लावून फोनवर बोलत होतो तेव्हा ती गच्चीवर डाळ वाळत घालायला आलेली होती, टाकीच्या मागं. मला दिसली नाही. खाली आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “त्या तिघायची नोकरी राह्यली ना?” मी हो म्हटलं. “मंग जेवून घे,” म्हणाली आणि ताट वाढलं. मला जेवताना रडू आलं, तर तिनं ठेच्यात मिरच्या जास्त झाल्या का म्हणून विचारलं. मीही झाल्या म्हणालो.

तरी तुम्ही रविवारी याच. बाबा मघाशी काठी टेकत टपरीवर गेलेत, आणि पुंडलिकराव त्यांना बसायला जागा देत असतील. बाबांना अजून काही माहीत नाही. आईला म्हटलं तू सांग, तर म्हणाली, “मी नाई सांगत बापा, तुह्या मामाले बलाव.”