न आलेल्या पुराची साक्ष

ओढ्यापल्याडची वस्ती,
ता. सेनगाव

लंगोटीयार किशनराव यांस तातेरावाचा हात जोडून रामराम. गुडघे सोडले तर बाकीचा मी खुशाल आहे. तुझी शुगर, सूनबाईचा स्वभाव आणि परभणीची हवा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (फोन काहून केला न्हाई म्हणशील. मागं फोनवर मी तब्येत विचारली तर तू मला सोयाबीनचा भाव सांगितलास. तेव्हा तू कानाचं मशीन घेस्तोवर आपलं पत्रच बरं.)

तर इकडं एक तकलीफ होऊन बसली. शहराची हद्द वाढून आपली वस्ती शहरात जाणार, नळ येणार, अशी बोली चालली होती. पण वस्ती घ्यायच्या आधी तिथं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, पूर-आगीचा धोका किती, हे तपासावं लागतं म्हणे. त्यासाठी पाहणीचं पथक आलं. त्यात ऐश्वर्या नावाची एक पोरगी, इंजिनिअर. वस्तीला धोका कशाकशाचा आहे, असं तिनं विचारलं. मी म्हणलं, शेजारच्या सोजराबाईच्या तोंडाचा. ती हासली, पाणी मागितलं आणि बाजेवर टेकली. बस, तिथंच माझा घात झाला.

तिची नजर गेली भिंतीवर. तिथं तुझ्या वहिनीनं, आमच्या सखूनं, महालक्ष्म्या घरात आणताना उमटवलेले कुंकवाचे हात आहेत, छातीइतक्या उंचीवर. (सखू गेल्यापासून मी भिंतीला चुना लावला न्हाई. हात होत न्हाई माझा.) पोरीचं आजोळ सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. तिकडं पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं हिची आजी कुंकू लावायची, नदीची ओटी भरायची. त्यामुळं पोरीला वाटलं, ही पुराचीच खूण. तिनं टेप लावला आणि म्हणाली, “बापरे! आजोबा, एवढं पाणी? मग?”

किशनराव, सखू गेल्यापासून मला “मग?” असं कुणी विचारलंच न्हाई रे. पोरगा फोनवर “बरं बरं, ठेवू का?” म्हणतो. तवा खरं सांगायच्या आधी माझं तोंडच सुटलं. दाराशी कसं पाणी आलं, शेळ्या माळवदावर कशा चढवल्या, सगळं रंगवून सांगितलं. दुसऱ्या बारीला ती साहेबाला घेऊन आली, तवा पूर आढ्याला टेकला. तिसऱ्या बारीला मी तुला म्हशीच्या पाठीवर घालून बाहेर काढलं. (तू लई रडत होतास. राग मानू नको, गोष्टीला कुणीतरी रडणारं लागतं.) सगळ्यांनी दोन दोन कप चहा घेतला. लई दिवसांनी घरात माणसांचा आवाज झाला, साखर संपली तरी मला बरंच वाटलं.

मग एक दिवस नकाशा लागला. आपल्या वस्तीभोवती लाल रेघ! पुराचा धोका आहे, सबब ही वस्ती हद्दीत घेऊ नये. म्हणजे नळ न्हाई, अन् बायकांच्या डोक्यावरचा हंडा हाय तिथंच. सोजराबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तातेराव, तुमच्या पुरात आमचा नळ वाहून गेला बगा.” तवापासून तिच्या घरची कालवणाची वाटी बंद. पारावर मी जाऊन बसलो की लोकांना एकदम कामं आठवतात. आधी एकटाच होतो, पण निदान रामराम तरी व्हायचा. करायला गेलो गणपती अन् झालं माकड.

मी हापिसात जाऊन सांगितलं, बाबांनो, पूर आलाच न्हाई, एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी फकस्त पायरीला लागलं होतं. तर साहेब म्हणाला, तीनदा सांगून आता फिरता काय? तवा वस्तीत राहिलेला, पण आता इथं ज्याचं घरदार न्हाई, म्हणजे नळाचा लोभ न्हाई, असा साक्षीदार आणा. असा तूच एक. पायरीवरून तुझी एक चप्पल वाहून गेली होती, एवढंच खरं सांगायचं. म्हशीचा विषय काढू नको.

तुझा,
तातेराव

ता. क. – सुनावणी सोमवारी आहे. सेनगावला उतरलास की जीप भेटते. मी फाट्यावर उभा राहतो.

ता. क. २ – वरलं पत्र टाकायचं राहून गेलं आणि सोमवार होऊनही गेला. सुनावणीआधीच ती इंजिनिअर पोरगी स्वतः घरी आली होती. मी तिला सखूच्या हातांचं खरं सांगितलं. तिनं लगेच ओढ्यात उतरून पुन्हा मापं घेतली. सोमवारी लाल रेघ निघाली, वस्ती हद्दीत गेली. काल सोजराबाईकडून वांग्याची भाजी आली. तवा तुझ्या साक्षीची आता गरज न्हाई.

ता. क. ३ – तरी तू ये. पोराला-सुनेला साक्षीचंच कारण सांग, पत्राचं पहिलं पान दाखव अन् हे पान फाडून टाक. नुसतं तातेरावाला भेटायचंय म्हणलास तर ते म्हणतील, फोन करा की. पाहणी संपली, आता इकडं कुणी येत न्हाई. दिवेलागणीला घर खायला उठतं रे. मुक्कामानं ये.