माझी चार हजार दोनशे सायटेशन्स

४ फेब्रुवारी
आज ती मामाच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात आली. खगोलशास्त्रात पीएचडी करते. प्रबंधाचा कच्चा मसुदा बाइंडिंगला टाकला आणि मामाला विचारलं, हा मुलगा काय शिकलाय. मामा म्हणाला, सेकंड इयरला सरांशी भांडला आणि कॉलेज सोडून इथे येऊन बसला. भांडून नाही, तत्त्वासाठी! मामाशी अबोला. जेवणापर्यंत.
निश्चय: महिन्याभरात संशोधक व्हायचं. तीन वर्षं लोकांचे प्रबंध शिवतोय, काहीतरी अंगात मुरलं असणारच.

७ फेब्रुवारी
पेपर लिहिला. विषय: ताऱ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. खगोलही झालं, आरोग्यही झालं. प्रयोगाला माणूस एकच, मी. ती काउंटरपाशी असताना नाडी एकशे बारा. पेपरात तिला 'जवळून जाणारी तारका' म्हटलंय, कुणाला कळायचं नाही. ऑनलाइन जर्नलने दुपारच्या चहाआधी स्वीकारला. परीक्षकाचा शेरा: छान.

९ फेब्रुवारी, सकाळ
तिच्या जगात माणूस सायटेशनवर मोजतात. म्हणजे आपल्या पेपरचा दाखला किती जणांनी दिला. माझी शून्य.
दुपार: शून्य.
संध्याकाळ: शून्य. मामी म्हणते, किती घासशील तो फोन, काच झिजेल. या घरात विज्ञानाला किंमत नाही.

१० फेब्रुवारी
सायटेशन मोजणाऱ्या साइटवर स्वतःचं पान उघडलं. साइटनेच विचारलं, हे एकशे साठ पेपरही तुमचेच का? नाव-आडनाव हुबेहूब माझं. एक जण आकाशगंगांमधल्या धुळीवर लिहितो, दुसरा किडनीवर. मशीन इतक्या आदराने विचारतंय, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? 'हो' दाबलं.
सायटेशन्स: चार हजार दोनशे.
त्यातले दोन-तीन वाचून पाहिले. एक अक्षर कळलं नाही, पण शैली माझीच वाटते.

१२ फेब्रुवारी
ती डोंगरावरच्या दुर्बिणीवर गेलीय, दहा दिवस. कसे काढू? तेवढ्यात तिचे बाबा आले, किडनीच्या रिपोर्टांची झेरॉक्स काढायला. त्यांना माझं पान दाखवलं. खुर्चीतून उठून उभे राहिले! म्हणे, आभाळही आणि किडनीही? म्हटलं, हो, सवडीनं. मला 'साहेब' म्हणाले. आतून मामा ओरडला, साहेब, टोनर संपलाय.
निघताना त्यांनी विचारलं, ही रोजची गोळी घ्यायलाच हवी का हो, चक्कर येते. होणाऱ्या सासऱ्यांना खूश करायची संधी कोण सोडेल? म्हटलं, तुमच्याकडे बघून कोण म्हणेल तुम्हाला गोळीची गरज आहे?
छाप पडली.

१८ फेब्रुवारी
घात झाला. बाबांनी गोळी बंद केली होती. पाय सुजले, दम लागला, दवाखान्यात दाखल. अहो, मी स्तुती केली होती! स्तुती ऐकून कुणी औषध सोडतं?
धावत गेलो. डझनभर केळी नेली. नर्सने हातातून ओढूनच घेतली, किडनीच्या पेशंटला केळी चालत नाहीत म्हणे. बाबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, सिस्टर, असं करू नका, ते किडनीवरचे मोठे संशोधक आहेत. डॉक्टरांनी नाव विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, या नावाचे माझे सर होते, गेल्या वर्षी वारले.
लिफ्ट आली होती, तरी जिन्याने उतरलो.

१९ फेब्रुवारी
जेवण जात नाही. दवाखान्यात फोन केला, तर नातेवाईक आहात का विचारतात. काय सांगू? बाबांना काही झालं तर तिला कोणतं तोंड दाखवू? देवा, एकशे साठच्या एकशे साठ पेपर घे, पण त्यांना घरी पाठव. पेपर काढून टाकायचं बटणही सापडत नाहीये.
तीन प्रबंध उलटे शिवले. मामाने स्वतः बसून ते उसवले आणि पुन्हा शिवले. त्याचीच जास्त भीती वाटली.

२० फेब्रुवारी
ती दुर्बिणीवरचं काम अर्धं टाकून आली, दवाखान्यातून थेट दुकानात. म्हणाली, अरे, बाबा गेले असते माझे! काही लाज? आजवर 'अहो' होतं, आज 'अरे'. जवळीक वाढतेय, पण आनंद का होत नाहीये?
समोर उभी राहून तिने एकेक पेपर काढायला लावला. बटण तिलाच सापडलं. शेवटी उरला फक्त माझा. तोही तिने वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि निघून गेली.

१ मार्च
बाबा बरे होऊन दुकानात आले, काठी टेकत. बघून डोळे भरून आले, टोनरची पूड गेली असेल. माझ्यावर राग नाही म्हणाले, पोरगं आहेस, चालायचंच. गोळी आता वेळेवर घेतात. मग जवळ सरकून सांगितलं, लेकीने दुर्बिणीवरचाच एक मुलगा पसंत केलाय. सायटेशन्स अकराच आहेत हो त्याची, पण मी एकेक उघडून पाहिली, सगळी त्याच्याच पेपरांची आहेत.
अकरा! एवढ्याशा आकड्यावर माणूस संसार कसा मांडतो?
त्यांना त्या मुलाच्या बायोडेटाच्या दोन प्रती हव्या होत्या. मामा जेवायला गेला होता. मीच काढून दिल्या.
दोन्ही स्वच्छ आल्या.