‘नाही’चं बटण दाबलं जात नाही

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच लिहितोय, पण मन पार आडवं झालंय.) तुमची पाठ कशी आहे? शिलाई मशीनवर वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यावर तुम्ही त्यांचीच पँट आखूड करायला घेतलीत, असं आईकडून कळलं. मामींना नमस्कार. त्यांच्या मांजराला मात्र काही नाही. त्याने मागच्या खेपेला मला ओरबाडलं ते मी विसरलेलो नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मामी मध्ये बोलतात. पत्रही त्याच आधी फोडतात, ठाऊक आहे, पण निदान लिहिताना तरी कोणी अडवत नाही. म्हणून जिच्याविषयी हे पत्र आहे तिचं नाव लिहीत नाही. (मामी, उजेडात धरून बघू नका, खोडलेलंही नाहीये.)

कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं (म्हणजे, भर प्रयोगशाळेत सरांना ‘तुमचं उत्तर चुकलंय’ म्हणालो, तावातावाने बॅग उचलून निघालो, आणि उत्तर बरोबर होतं), तेव्हा तुम्ही तुमच्या शाळेतल्या दोस्ताकडे शब्द टाकून मला इथे चिकटवलंत. ऑफिस चष्म्याच्या दुकानावर आहे. आम्ही दातांच्या डॉक्टरांसाठी वेबसाइट बनवतो, म्हणजे पेशंटने घरबसल्या वेळ ठरवायची आणि ऐन वेळी यायचं नाही. सगळं सुरळीत होतं. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरची जागा भरली आणि साहेबांनी, म्हणजे तुमच्या त्याच दोस्ताने, जाहीर केलं की दोनपैकी एकच गोष्ट घेता येईल, क्लाउड स्टोरेज नाहीतर कंपोनंटचं टूल. आठवडाभर दोन्ही फुकट वापरून बघा आणि शुक्रवारी ठरवा.

तुमच्या भाषेत सांगतो. क्लाउड स्टोरेज म्हणजे कापड आपलं, कपाट दुसऱ्याच्या घरी, किल्ली सगळ्यांकडे, आणि चुकून कापलंच तर आधीचा अखंड तागा परत मिळतो. कंपोनंटचं टूल म्हणजे शर्ट शिवायच्या आधी कॉलर, बाही, खिसा वेगवेगळे करून खुंटीवर टांगायचे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे. आता कपाट घ्यावं की खुंटी, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो का? पण आमच्याकडे पडला, आणि त्यावरून ऑफिसात उभी फूट पडली.

कपाटाच्या बाजूने अकाउंट्सचे काका. खुंटीच्या बाजूने मी. कारण उघड आहे. जिचं नाव लिहीत नाही, ती ऑफिसात स्क्रीनची चित्रं काढते, बटणं, चौकोन, रंग, सगळं तिच्या हातचं. तिला खुंटीच हवी असणार, हे विचारायची गरजच काय? (मामा, इथे तुम्ही कपाळाला हात लावाल. लावा.) मी आठवडाभर तिच्यासाठी भांडलो. काकांना ‘अडगळ्या’ म्हणालो. टेबलावर मूठ आपटली तेव्हा त्यांचा चहा त्यांच्याच मांडीवर सांडला. ते एवढंच म्हणाले, “अरे, आवाज कमी कर आणि फडकं आण.” मी आवाज तेवढाच ठेवून फडकं आणलं. ती कोपऱ्यातून बघत होती. ते कौतुक आहे, असं मी धरून चाललो.

त्या टूलमध्ये एकाच बटणाची सगळी रूपं शेजारीशेजारी मांडून ठेवता येतात. साधं, बोट टेकलेलं, दाबलेलं, बंद केलेलं. मला वाटलं, मनातलं बोलायला एवढी सोय आणखी कुठे मिळणार? मी एक जोडी बनवली. वर प्रश्न, ‘माझ्याबरोबर चहाला येशील?’ खाली ‘हो’, जे बोट टेकताच गुलाबी होतं आणि दाबल्यावर थोडं उडतं. शेजारी ‘नाही’, करड्या रंगाचं, कायमचं बंद. शुक्रवारनंतर तिला एकटीला दाखवायचं, असा बेत होता.

पण ते टूल आपण काय काय टांगलंय ते सगळं आपणहून दाखवतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी तेव्हा भांडत होतो.) शुक्रवारी साहेबांनी एका दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, भिंतीवरचा मोठा स्क्रीन लावला, आणि तारखेच्या चौकोनानंतर थेट माझा चहा आला. डॉक्टरांना वाटलं, त्यांच्याच वेबसाइटसाठी आहे. उठून भिंतीपाशी गेले आणि ‘नाही’वर टकटक बोट मारायला लागले. “अहो, हे दाबलं जात नाहीये. पेशंटला नाही म्हणता येत नसेल तर तो हो तरी कशाला म्हणेल?” साहेब खोकल्यासारखं हसले. काका नुसतेच हसले. डॉक्टर जाताना म्हणाले, हे सगळं राहू द्या, माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत टाका.

मग साहेबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, “मला पहिल्यापासून स्टोरेजच हवंय. माझ्या चित्रांवर हा रोज स्वतःची फाइल सेव्ह करतो. गेलेलं काम परत कुठून आणू?” हा म्हणजे मी. मी तत्काळ मूठ आपटून म्हणालो, स्टोरेजच पाहिजे! काकांनी चहा आधीच उचलून धरला होता. स्टोरेज मंजूर झालं.

जिन्यात तिने मला गाठलं. “तुझ्या त्या ‘नाही’ला आधी दाबता येऊ दे. मग काय ते विचार.” टूलची फुकट ट्रायल संपायला एक दिवस होता. आज शनिवारी सकाळी मी करडा रंग काढला, बटण चालू केलं आणि तिला बोलावलं. तिने दोन्हीकडे नीट बघितलं, ‘नाही’ दाबलं, म्हणाली, “हां, आता चालतंय,” आणि डबा घेऊन जेवायला गेली.

आपला,
भाचा

ता. क. ते उत्तर होतं की तपासणी? मामींना विचारा. (मामी, सरळ तुम्हीच सांगा.)

ता. क. दुसरा. साहेबांना सहज एक फोन करता का? शुक्रवारी सगळे हसल्यावर मी राजीनामा टाइप केला. कॉम्प्युटर म्हणाला, जागा शिल्लक नाही. तेव्हाच गप्प बसायला हवं होतं, पण मी हाताने लिहून त्यांच्या टेबलावर आपटला. आज त्यांच्या खोलीला कुलूप आहे, ते सोमवारी येऊन वाचतील. भाचा तापट आहे, अक्षर त्याचं नाही, काय वाटेल ते सांगा.

ता. क. तिसरा. संध्याकाळच्या एसटीने पाठवायचं पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती जेवून आली. म्हणते, कोणी ‘नाही’ दाबलं की लगेच मान्य करायचं नसतं, ‘नक्की?’ असा एक चौकोन यायला हवा. टूलची ट्रायल संपली तरी तो मी सोमवारी साध्या पानावर करून दाखवायचा आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला ऑफिसात चौकोन करू देत नाहीत, मामा. म्हणून हे पत्र पुरतं वाचत बसू नका, आधी फोन करा.