चोवीसच्या पुढे

९ जानेवारी
पार्किंगचा तिसरा मजला. काचा वर. आई शेजारच्या सीटवर. स्टिरिओवर बाबांचं गाऱ्हाणं – गावच्या घरी गणपतीपुढे घातलेलं, कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं. बाबांचा एवढाच आवाज उरला आहे. आवाजाचं बटण वीसवर. आई स्वस्थ. बावीस. चोवीस – आणि ती एकदम म्हणाली, "व्हय म्हाराजा!"
बरोबर जागी! गाऱ्हाण्यात देवाला केलेल्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी द्यायचा होकार.
कानातल्या यंत्रातून तिला नुसती खरखर ऐकू येते. घरात मोठ्यानं लावलं की खालच्या मजल्यावरचे वर येतात. उरली गाडी.

११ जानेवारी
कानाचे डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले. "आहे तेही जाईल. महिनाभर धरा." बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणालो तो?"
"वय झालं, म्हणाले." दोनदा ओरडून सांगितलं. बाकावरचे सगळे बघत होते.

१४ जानेवारी
चोवीसला काही नाही. सत्तावीसला तिनं मान वळवली. पण सत्तावीसला बाबा फाटतात. प्रत्येक 'स' चरचरतो.
"ह्यो कोण वराडता?"
"बाबा."
"तुझे बाबा कधी वराडले नाय."
खरं आहे.

१५ जानेवारी
लालबागला राजरत्नकडे. गाड्यांचे स्टिरिओ बसवतो. त्यानं बेस, ट्रेबल मधोमध आणले, दाराच्या स्पीकरला कान लावून एकेक आकडा चढवला. चोवीसला हात वर केला.
"इथपर्यंत साफ. कंपनीचा सेट आहे ताई. चाळीस लिहितात, पुढचं सगळं शो."
"मग मोठा ॲम्प्लिफायर लाव."
त्यानं गाऱ्हाणं पुन्हा लावलं. पहिल्यापासून. पाना खाली ठेवून ऐकलं. "लावतो की. पण मोबाइलवरचं आहे. किती साफ येईल, जबान देत नाय. घरचं माणूस?"
"वडील."
त्यानं ॲम्प्लिफायर लावला. स्पीकरही बदलले.

१८ जानेवारी
आता बत्तीसपर्यंत साफ! आई तिसाला बोलली. चारही ठिकाणी. शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला हातसुद्धा जोडले. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तिनं पाठीवर हात फिरवला – "भूक लागली काय, चेडवा?"

२३ जानेवारी
बत्तीस. उशिरा बोलली. बाबा पुढच्या वाक्यावर गेले होते.

२६ जानेवारी
बत्तीसला नाही. पस्तीस – दाराचा पत्रा थरथरला, वॉचमन काचेवर टकटक करून गेला. आई समोरच्या खांबाकडे बघत होती. मी तिचा दंड धरून ओरडले, "ऐक ना गं! नीट ऐक!"
ती माझ्या दंड धरलेल्या हाताकडे बघत राहिली.
असं कसं केलं मी!

२७ जानेवारी
गेलो नाही.

३१ जानेवारी
अडतीस. बाबांचे शब्द मलाच कळत नाहीत. नुसता पत्र्याचा आवाज. तरी रोज दुपारी तिला खाली नेते. ती चप्पल घालून दाराशी तयार असते. नको म्हणत नाही. मीही विचारत नाही.

३ फेब्रुवारी
चाळीस. याच्यापुढे आकडा नाही.
आईनं हात पुढे केला आणि बटण उलटं फिरवलं. पार शून्यापर्यंत. मग पदर डोक्यावर घेतला. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुष घालतात. आईला मी कधी घालताना ऐकलं नव्हतं.
"बा देवा म्हाराजा! काय चूकभूल झाली असात ती पोटात घाल. आणि ह्या माझ्या चेडवाक ह्या गाडयेतसून भायर काड!"
थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी 'व्हय म्हाराजा' म्हणेपर्यंत नजर हलवली नाही.