घरीच असणाऱ्या बायकांची गल्ली

ती. आईस,

यज्ञेशचा वाकून नमस्कार. फोनवर तू मधेच ओरडशील म्हणून लिहितोय. काल सरांशी भांडलो. पण नोकरी सोडली नाही, कॉलेज सोडलं तसं करणार नाही.

उपनगरात कुठे काय रोजगार आहे, याचा आमची संस्था अभ्यास करते. मी जोगेश्वरीच्या एका गल्लीत घरोघर विचारत होतो, "मावशी, काम करता?" सगळ्यांचं एकच, "नाही रे, घरीच असते." मीही तसंच लिहीत गेलो.

शेवटच्या घरी पाणी प्यायला टेकलो, तर मावशींच्या ताटात हिरव्या मोराच्या हारांचा ढीग. तुझ्या सुनेला, जान्हवीला मी घेतला ना, अगदी तोच. शेजारी खडे चिकटवतात, पलीकडे मणी ओवतात, या मावशी मागची दोरी बांधतात. आई, अख्खी गल्ली म्हणजे एक कारखाना, आणि मी सगळ्यांना बेकार लिहून बसलेलो.

सर म्हणाले, "त्या नाही म्हणतात, तर नाही." माझा आवाज चढला. शेवटी तेच म्हणाले, "जा बाबा, पुन्हा विचार." उद्या जातोय.

जान्हवीला सांगितलं, तर हार काढून मागची दोरी कशी बांधलीय ते उलटून बघायला लागली.

जेवतो वेळेवर. बाबा अजून कॉलेजवरून रागात आहेत का?

मागे आपल्याकडेही विचारायला आले होते. तू ओटीवर काजू सोलता सोलता म्हणालीस, "घरीच असते." आता कुणी आलं, तर आधी हातातलं दाखव.

तुझाच,
यज्ञेश