पर्ल नक्की कोण?

चिरंजीव थर्मन यास लुवेनिया मावशीचे पोटभर आशीर्वाद, आणि पुस्तक लिहिल्याबद्दल पाठीत एक धपाटा. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतंय? न्यूयॉर्कात थंडी पडली असेल. लोकरीची बंडी घालतोस ना? (नसशीलच घालत. लेखकाला सर्दी शोभते असं तुला वाटत असणार.)

पुस्तक शनिवारी पोचलं. शनिवारी रविवारच्या चर्चसाठी आपल्यातल्या सगळ्या बायका माझ्या पार्लरमध्ये डोकी घेऊन येतात, हे तुला ठाऊकच आहे. ओझेला खुर्चीत होती, मी तापल्या कंगव्यानं तिचे केस सरळ करत होते, आणि आपल्या चर्चचे डीकन फिनीस (बायकोला न्यायला आले आणि तिथंच रुतले) तुझं पुस्तक मोठ्यानं वाचत होते. तुझी ती पर्ल मतदारयादीत नाव घालायला कोर्टात जाते, गोरा कारकून आपल्या काळ्या माणसांना अडवायची परीक्षा म्हणून तिला राज्यघटनेचा उतारा वाचायला लावतो, आणि वाचताना तिचा आवाज थरथरतो, इथवर आले आणि माझा हात थांबला. कंगव्याची आग काही थांबली नाही. ओझेलाच्या कानामागची बट गेली. पण मला सांग, थरथरतो? अरे, चर्चमध्ये गाताना माझा शेवटचा सूर असाच हलतो, त्याला कोणी भीती म्हणत नाही! मी तो उतारा असा म्हटला होता की बाहेर झाडू मारणारा माणूस आमेन म्हणाला. (नापास केलं ती गोष्ट वेगळी.) हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं बरं का. पर्ल म्हणजे तूच, हे कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर दुकानाची जागा जाईल, असं तू बजावलं होतंस ना!

मी गप्प, म्हणून बाकीच्यांना तोंड फुटलं. त्या दिवशी आम्ही पुष्कळ जणी कोर्टात गेलो होतो, तेव्हा प्रत्येकीला वाटतं पर्ल आपणच. पुस्तकात कंबर बारीक लिहिली आहेस म्हणून ओझेलानं तर छातीठोकपणे हक्क सांगितला. (तिची कंबर ज्यांनी पाहिली होती ते सगळे देवाघरी गेले.) त्यात डीकनसाहेब पुढचं पान वाचायला लागले. कोर्टाच्या पायरीपर्यंत येऊन, खेचर सुटल्याचं आठवून माघारी पळालेला तो गृहस्थ आला, आणि त्यांनी पुस्तकच आपटलं. म्हणाले, "साफ खोटं! माझ्याकडे खेचर होतंच कधी? मी गाडीचे दिवे बंद करायला गेलो होतो!" (तो गृहस्थ कोण, हे कुणी विचारलंही नव्हतं.) मग असा हशा पिकला की ओझेला जळकी बट विसरली.

मंगळवारी मात्र हसू आटलं. उरलेली पानं ऐकायला सगळ्या जमल्या होत्या, डीकन वाचत होते, आणि जागेचा गोरा मालक हॅचर दारात उभा. पुस्तकाची कुणकुण त्याच्या कानावर गेली होती. "ह्यातली पर्ल कोण? असली बाई माझ्या जागेत पाऊल टाकता कामा नये," म्हणाला. शनिवारी पर्ल असलेल्या ओझेलानं केस वाळवायच्या यंत्रात डोकं खुपसलं. (यंत्र बंद होतं.) मी तोंड उघडणार, तोच डीकन टोपी छातीशी धरून उभे राहिले. "मीच ती, साहेब. पर्ल." हॅचर त्यांच्या मिशांकडे बघतच राहिला. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसायला लागल्या. त्याचे कान लालभडक झाले. जाता जाता म्हणाला, नाव आज ना उद्या कळेलच, मग जागेचं बघतो. तो गेल्यावर डीकनसाहेबांना खुर्चीत बसवून रताळ्याचा केक भरवावा लागला. थर्मन, मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. यापुढे खेचरावरून मी त्यांना कधीही चिडवणार नाही. (नाताळात एखाद्या वेळेस चिडवीन.)

तेव्हा तू नाव बदललंस ते शहाणपणाचंच केलंस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
लुवेनिया मावशी

ता. क. पुस्तकाची आणखी एक प्रत पाठव. ह्या प्रतीला इतक्या जणींच्या केसांचं तेल लागलंय की ती आता वाचायची नाही, डोक्याला चोळायची झाली आहे.

ता. क. आणखी एक. दुसरी आवृत्ती निघतेय आणि काही बदलायचं का असं तू विचारलं होतंस. आवाज थरथरतो ते राहू दे. (हलला असेल थोडा.) पण पर्ल काढ आणि तिथं लुवेनिया मे टॉलिव्हर असं घाल. हॅचर जागा काढून घेईल, कळतंय मला. ओझेलाच्या ओसरीवर खुर्ची मांडायचं आमचं ठरलंय. कोर्टातल्या त्या खिडकीशी उभी राहून मी पुन्हा पुन्हा माझं नाव सांगत होते, थर्मन, आणि त्या कारकुनानं पेनसुद्धा उचललं नाही. तू तरी लिही.