प्रमाण माणूस

सोमवार, ३ मार्च

आज सकाळी साडेनऊ वाजता माझ्या नाकाला चिमटा लावण्यात आला. निषेध नोंदवून ठेवतो. ज्या नाकानं बावन्न वर्षं चष्मा आणि सर्दी दोन्ही निमूटपणे वाहिली, त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी ओला रुमाल दोरीवर टांगल्यागत धरावं, ही काही स्वागताची रीत नव्हे.

नोकरी मात्र झकास. श्वासमापन केंद्र, तिसरा मजला, शेहेचाळीस पायऱ्या. वीस वर्षं इथे दर साली तीच माणसं येतात, एका नळीत जीव खाऊन फुंकतात आणि त्यांची फुफ्फुसं वर्षभरात किती उतरली ते मोजलं जातं. पिवळ्या फायली जुनाट आजारवाल्यांच्या, हिरव्या धडधाकटांच्या. प्रत्येकाला निकालाचं पत्र लिहायचं, एवढंच माझं काम. संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या माणसाचा जगाला इतका थेट उपयोग व्हावा, याचं मलाच कौतुक वाटलं.

वीस वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून यंत्रही जुनंच ठेवलंय. पाण्याच्या टाकीत उलटं तरंगणारं पितळी पिंप. फुंकलं की ते वर उचललं जातं आणि त्याला जोडलेलं पेन कागदावर रेघ काढतं. यंत्र खरं बोलतं की नाही हे तपासायला तीन लिटरची एक मोठी सिरिंज असते, पण ती वर्षभरापासून दुरुस्तीला गेलीय. तोवर एका निरोगी माणसानं दर सोमवारी फुंकायचं आणि त्याचा आकडा कायम राहिला तर यंत्र ठीक समजायचं. आधी हे माझ्या जागेवरच्या बाई करायच्या. आता मी. पहिल्या सेकंदाला तीन लिटर वीस! केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा भिंतीवर लिहिला. आजपासून मी प्रमाण माणूस.

ज्या बाई लोकांकडून फुंकून घेतात त्यांचं नाव मी मनातल्या मनात फुंकाबाई ठेवलंय. 'फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून' हे त्या अशा आवेशात ओरडतात की समोरचा लाजेकाजेस्तव तरी फुंकतो. मला 'पत्रवाले' म्हणतात.

येताना सवयीनं 'देव' शब्द चालवत जिने चढलो. प्रथमेपासून संबोधनापर्यंत एका दमात, आणि समोर दार. घरी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पंडित, त्या देवाला जरा बसू तरी दे.

सोमवार, २४ मार्च

दोन सोमवार तीन वीस आले. आज तीन शून्य चार. फुंकाबाईंनी आठ वेळा फुंकायला लावलं, आठही वेळा तेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खोकला? नाही. विडी-सिगारेट? सात पिढ्यांत नाही. मग त्यांनी यंत्राकडे पाहिलं. माणूस निरोगी आहे, म्हणजे यंत्र आळसावलंय. सिरिंज येईपर्यंत सगळ्यांच्या आकड्यांत तेवढी भर घालायची, असं ठरलं. माझ्या शब्दावर एक पितळी पिंप दोषी ठरलं, याचा मला बारीकसा आनंद झाला.

एक क्षुल्लक गोष्ट. सकाळी पिंप शून्याच्या रेघेवर नव्हतं, बोटभर वर होतं. फुंकाबाईंनी हातानं दाबलं तेव्हा नळीतून हवा आली. खोली गार होती. हवा उबदार होती.

सोमवार, १४ एप्रिल

माझे दोन एक्क्याण्णव. भर आता दहा टक्क्यांची.

आज ताई वार्षिक तपासणीला आली. तिची फाइल पिवळी. तीस वर्षं लाकडाच्या वखारीत तिनं भुसा गिळला, त्यावर मी शिकलो. आई गेली तेव्हा ती एकोणीसची होती आणि मी अकराचा. माझ्या तोंडी पाठ केलेलं जे काही आहे, त्याचं भाडं तिच्या छातीनं भरलंय.

फुंकाबाई ओरडत होत्या, ताई फुंकत होती आणि मध्येच माझ्याकडे बघून हसत होती. गेल्या साली एक लिटर बावीस. यंदा भर घालून एक सत्तावीस. वाढ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं क्वचितच होतं. घरचं ऑक्सिजनचं यंत्र आता तिला लागायचं नाही, यादीत खोळंबलेल्या दुसऱ्या कुणाला देऊ.

ताईचं पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं. 'आपल्या फुफ्फुसांची प्रकृती समाधानकारक असून' वगैरे. खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी. तिनं ते चारदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं.

सोमवार, ५ मे

दोन बहात्तर. यंत्र फारच आळशी होत चाललंय.

जिन्यात षष्ठीला थांबलो. नवे बूट जड आहेत.

डॉक्टरीणबाईंनी जेवताना सांगितलं, की पंचविशी उलटली की फुफ्फुस सगळ्यांचंच उतरतं. आजाऱ्याला ते कळतं, कारण त्याच्या गाठीला काही नसतं. धडधाकटाला कळत नाही, कारण तो गाठीचं खात असतो. मी विचारलं, गाठीचं संपल्यावर? त्या म्हणाल्या, तेव्हा कळतं.

ताई हल्ली वाक्य अर्धं सोडते आणि उरलेलं हातानं सांगते. विचारलं तर म्हणते, वय झालं रे, पत्रात तर सगळं ठीक आहे.

सोमवार, २ जून

कपाटात माझ्या आधीच्या बाईंची वही सापडली. त्यांचेही सोमवार. दोन पंच्याऐंशी, दोन सत्तर, दोन एकतीस. खाली खाली. शेवटचा आकडा एक साठ आणि त्यापुढे बारीक अक्षरात, 'आज नळी जड वाटली'. मग कोरी पानं. त्याच अक्षरातल्या पत्रांच्या प्रती शेजारी रचलेल्या. प्रकृती समाधानकारक, प्रकृती समाधानकारक.

म्हणजे भर तेव्हाही घालत होते. म्हणजे ताईचं गेल्या सालचं एक बावीससुद्धा—

फुंकाबाईंना विचारलं. म्हणाल्या, बाई रजेवर गेल्या. कधी परतणार? त्या पिंप पुसत राहिल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, नाही आल्या.

सोमवार, २३ जून

दोन एकतीस.

बूट बदलले. चतुर्थीला थांबलो.

पिंप आज चार बोटं वर होतं. फुंकाबाईंनी दाबलं. हवा बराच वेळ येत राहिली, उबदार, आणि शेवटी अडखळली. पिंप अडखळत नाही. अडखळतो माणूस. त्यांनीही ऐकलं. म्हणाल्या, गंज असेल.

ताई वेणी घालायला खाली बसते आता. दोन्ही हात वर धरून उभं राहता येत नाही तिला. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ती रागावली. म्हणाली, तू लिहिलंयस ना, सुधारलंय म्हणून? मग मीच कमी पडत असेन. माझंच मन कच्चं.

तिला दम लागतो आणि ती स्वतःलाच दोष देते. माझ्या पत्रामुळे.

शुक्रवार, ११ जुलै

सिरिंज आली.

फुंकाबाईंनी नळीला लावली, दांडा शेवटपर्यंत ढकलला. तीन लिटर. पेन तीनवर थांबलं. पुन्हा. तीन. पुन्हा. तीन. बाई स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

यंत्र पहिल्या दिवसापासून खरं तेच बोलत होतं. उतरत होतो तो मी. आणि मी जेवढा उतरलो, तेवढं आम्ही सगळ्यांना चढवलं. एकशे त्रेसष्ट माणसं, पिवळी आणि हिरवी.

ताईचा खरा आकडा एक पंधरा होता. एप्रिलमध्ये. आज किती, देव जाणे.

डॉक्टरीणबाई माझ्याशी हळू बोलल्या. माझ्याही तपासण्या करू म्हणाल्या. मी मान हलवली. सगळी पत्रं नव्यानं लिहायची आहेत. ताईचं मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं. ऑक्सिजनचं यंत्र परत मागवलंय, सोमवारी दुपारी येईल.

रविवार, १३ जुलै

दोन दिवस झाले. सांगितलं नाही.

काल शेजारीण आली होती. ताई उशीखालचं पत्र काढून तिला दाखवत होती. बोटानं माझी सही दाखवली. बोलणं जमेना म्हणून नुसतं बोट. शेजारीण म्हणाली, भाऊ असावा तर असा.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

आज तिनं विचारलं, पंडित, तुला का रे दम लागतोय? मी म्हटलं, बूट. ती हसली. हसता हसता खोकला. मी पाठीवरून हात फिरवला. हाडं—

उद्या सांगेन. यंत्र आलं की.

सोमवार, १४ जुलै

सकाळ. केंद्रात मी एकटाच. फुंकाबाई यायच्या आहेत.

नळीला कुणी तोंड लावलेलं नाही. नळी खुंटीवर लटकतेय. पिंप हलतंय. वर, खाली. पेन रेघ काढतंय.

आधी वाटलं, माझ्या आधीच्या बाईंचा श्वास. मग वाटलं, माझा. नाही. आत पटकन, बाहेर लांबवर, शेवटी एक अडखळ. ही लय मी एक्केचाळीस वर्षं शेजारच्या अंथरुणावरून ऐकत आलोय.

ताईची.

दोन श्वासांमधली जागा वाढतेय.

फोन केला. वाजतोय. उचलत नाही. पुन्हा. शेजारणीचाही वाजतोय.

निघालो. दुसऱ्या मजल्यावर बसलोय. जिना उतरतानाही— देवः, देवौ— पुढचं येईना. बोलता येत नाही म्हणून लिहितोय. मिनिटभर. मग उठेन. घर आठ मिनिटांवर आहे.

वरून पेनाचा आवाज येतोय. कर्र. थांबतो. कर्र. जास्त थांबतो.

माझं काय व्हायचं ते होवो, त्याची काळजी नाही. खरी काळजी एवढीच. दमात कमी पडले ती मीच, असं समजून ती जाईल. पत्र खोटं होतं, ताई. तू नाही. एवढंच सांगायचंय. शुक्रवारी सांगता आलं असतं. आता मी दारात पोचेन तेव्हा ते सांगण्याइतका तरी माझ्या छातीत—

आवाज थांब